वेगवान रेल्वे कोणाच्या आवाक्यात? महाड-पोलादपूरचा नकाशा

मुंबई-मडगाव वंदे भारत एक्स्प्रेस २७ जून २०२३ रोजी सुरू झाली. दादर, ठाणे, पनवेल, खेड, रत्नागिरी, कणकवली आणि थिवी हे तिचे वाटेतले थांबे. पनवेल सोडल्यावर ती सारा दक्षिण रायगड ओलांडते. महाड तालुक्यात शिरल्यावर वीर, सापे वामणे, करंजाडी आणि विन्हेरे ही चारही स्थानके मागे टाकते आणि थेट रत्नागिरी जिल्ह्यात खेडला थांबते. पोलादपूर तालुक्यात तर रूळच नाहीत. २०११च्या जनगणनेनुसार महाड तालुक्याची लोकसंख्या १,८०,१९१ आणि पोलादपूरची ४५,४६४ होती. ही सव्वादोन लाखांवर माणसे म्हणजे रायगड जिल्ह्याच्या लोकसंख्येचा साडेआठ टक्के भाग. त्यांना वेगवान रेल्वेची सोय आहे, असे म्हणायचे की नाही?

उत्तर नकाशा काढणाऱ्याच्या हातात असते. ‘अमुक टक्के लोकसंख्या वेगवान रेल्वेच्या कक्षेत आली’ अशी वाक्ये सरकारी अहवालांत आणि भाषणांत सहज येतात. ती टक्केवारी कशी काढली, कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. महाड-पोलादपूरसारख्या डोंगराळ मुलखात या हिशेबाची खरी कसोटी लागते, म्हणून हा आढावा तिथूनच घेतो आहे.

आधी शब्दाची मर्यादा सांगायला हवी. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या व्याख्येत वेगवान रेल्वे म्हणजे ताशी २५० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगासाठी नव्याने बांधलेला मार्ग, किंवा ताशी २०० किलोमीटरच्या आसपास धावता येईल असा सुधारलेला जुना मार्ग. त्या मापाने कोकणात वेगवान रेल्वे नाही. कोकण रेल्वेचा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेग डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला, पण प्रत्यक्षातली कमाल मर्यादा १२०ची आहे. वंदे भारत मुंबई-मडगाव अंतर कोरड्या दिवसांत पावणेआठ तासांच्या आसपास कापते. सरासरी पडते ताशी ७५ किलोमीटर. महाराष्ट्रातला खरा वेगवान मार्ग मुंबई-अहमदाबादचा. त्याची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ला झाली. लांबी ५०८ किलोमीटर, स्थानके १२ आणि वेग ताशी ३२० किलोमीटर. वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही त्याची महाराष्ट्रातली चार स्थानके. महाडहून त्यांतले सगळ्यात जवळचे ठाणे, आणि तेही दीडशे किलोमीटरच्या पुढे. मुंबई-पुणे-हैदराबाद या ७११ किलोमीटरच्या प्रस्तावित मार्गाची रेघही सह्याद्री उत्तरेकडे ओलांडते. तो झाला तरी महाडला त्याचे जवळचे स्थानक नवी मुंबईच्या बाजूला किंवा घाटापलीकडे पुण्यातच असेल. तेव्हा या दोन तालुक्यांपुरती ‘वेगवान’ गाडी म्हणजे वंदे भारत, तेजस आणि लांब पल्ल्याच्या जलद एक्स्प्रेस.

आता मोजण्याच्या रीती पाहू. सगळ्यात जुनी आणि सोपी रीत वर्तुळाची. स्थानकाभोवती २५ किंवा ५० किलोमीटरचे वर्तुळ काढायचे आणि आतली लोकसंख्या मोजायची. खेडभोवती ५० किलोमीटरचे वर्तुळ काढले तर पोलादपूर गाव त्यात येते आणि महाड शहरही येते. खेड-पोलादपूर हवाई अंतर तीसेक किलोमीटर आहे. म्हणजे नकाशावर हा सारा भाग वंदे भारतच्या कक्षेत रंगवता येतो. मध्ये कशेडीचा डोंगर आहे, हे वर्तुळाला कळत नाही. कशेडीच्या जुळ्या बोगद्यांनी महामार्गावरून जाणाऱ्याचा घाट टळला हे खरे. पण कुडपणच्या माणसाला आधी सह्याद्रीच्या कुशीतून पोलादपूरला उतरावे लागते आणि बोगदा त्यानंतर येतो. तीच गोष्ट विन्हेरे आणि करंजाडीची. नकाशावर ही स्थानके पोलादपूरपासून फार लांब दिसत नाहीत, पण रस्ता डोंगराच्या सोंडा वळसे घालून जातो.

दुसरी रीत वेळेची. स्थानकापर्यंत रस्त्याने किती मिनिटे लागतात त्यावरून समान वेळेच्या रेषा काढायच्या. ही रीत वर्तुळापेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे, फक्त तिच्यात गाडी दारात उभी असल्याचे गृहीत धरलेले असते. उमरठ, साखर किंवा पितळवाडीच्या घरात मोटरसायकल असेल, पण म्हातारी आई, दोन पिशव्या आणि तांदळाचे बोचके घेऊन पहाटे स्टेशन गाठायचे तर एसटी लागते, नाहीतर रिक्षाला किंवा मिनीडोरला पूर्ण भाडे मोजावे लागते. पोलादपूरकडची एसटी महाड आगारावर अवलंबून आहे. गावात रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी सकाळी निघते ती शाळा, बाजार आणि तालुक्याची कामे धरून. रेल्वेची वेळ तिच्या हिशेबात सहसा नसते. म्हणून मोटारीच्या मिनिटांवर काढलेला नकाशा एसटीच्या मिनिटांवर पुन्हा काढला, की रंग झपाट्याने फिके पडतात.

तिसरी रीत युरोपीय आयोगाच्या प्रादेशिक विभागाने गेल्या दशकात पुढे आणली, आणि मला ती या सगळ्यांत जास्त उपयोगाची वाटते. तिच्यात प्रश्न उलटा विचारला जातो. स्थानक किती लांब आहे हे विचारण्याऐवजी, इथल्या माणसाला रेल्वेने दीड तासात किती लोकसंख्येपर्यंत पोहोचता येते, हे विचारायचे. मग १२० किलोमीटरच्या परिघात एकूण किती लोक राहतात ते मोजायचे आणि दोन्हींचे गुणोत्तर काढायचे. या गुणोत्तरातून त्या जागेच्या दुर्गमतेचा दोष वेगळा निघतो आणि सेवेचा दोष वेगळा. महाडच्या बाबतीत हा फरक फार बोलका आहे. महाडच्या १२० किलोमीटरच्या परिघात पुणे येते, नवी मुंबई येते, साताऱ्याचा मोठा भाग येतो. भूगोलाने महाडला माणसांच्या गर्दीत बसवले आहे. पुण्याकडे मात्र रेल्वे नाही. आहे तो वरंध घाट, जो पावसाळ्यात वारंवार बंद असतो. साताऱ्याकडे आंबेनळी घाट, आणि तिथेही तेच. उरते मुंबईची दिशा. तिकडे रूळ आहेत, पण त्यांवरच्या जलद गाड्या बहुतांशी थांबत नाहीत. म्हणजे जवळीक भरपूर आणि पोहोच नगण्य. दुर्गम भाग आहे, काय करणार, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणाऱ्यांना या गुणोत्तरातच उत्तर आहे.

स्पेनमध्ये भूगोलतज्ज्ञ हावियेर गुतिएरेस यांनी माद्रिद-बार्सिलोना-फ्रान्स सीमा या वेगवान मार्गाचा २००१मध्ये अभ्यास मांडला, तेव्हा त्यांनी सरासरी प्रवासवेळ, आर्थिक आवाका आणि दैनंदिन पोहोच अशी तीन मापे एकाच मार्गाला लावली. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आली. एका मापाने परिघावरच्या भागाला लाभ दिसतो, दुसऱ्याने तो शहरांतच साचतो. वेगवान रेल्वेच्या अभ्यासकांत ‘बोगदा परिणाम’ ही कल्पना रुळलेली आहे. दोन टोकांची शहरे एकमेकांजवळ येतात आणि मधला प्रदेश बोगद्यातल्यासारखा वगळला जातो. उलट आधीच्या थांबणाऱ्या गाड्या कमी झाल्या तर मधल्यांची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट होते.

महाडमध्ये याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. रत्नागिरी पॅसेंजर कोविडपूर्वी दादरपर्यंत जात असे. कोविडनंतर ती दिव्यालाच संपू लागली. वाटेतल्या बहुतेक लहान स्थानकांवर थांबणाऱ्या ज्या मोजक्या गाड्या या मार्गावर आहेत, त्यांतली ही एक, दुसरी दिवा-सावंतवाडी. डोंबिवली-दिव्याच्या चाकरमान्याला हा बदल चालतो. परळ-लालबागच्या किंवा नालासोपारा-विरारच्या माणसाला दिव्याला उतरून, सामान डोक्यावर घेऊन लोकल पकडावी लागते. ही पोहोच घटली, पण स्थानकांची संख्या तीच राहिली, रुळांची लांबी तीच राहिली. स्थानके मोजणाऱ्या कोणत्याही नकाशात ही घट दिसणार नाही.

वीर स्थानकाचा इतिहास इथे थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण या दोन तालुक्यांची सारी कथा त्या एका ठिकाणी एकवटली आहे. महाड हे जुने बाजारगाव. सावित्री नदीच्या भरतीबरोबर बाणकोटच्या खाडीतून गलबते आत येत आणि घाटावरचा माल इथे उतरे. पुढे रस्त्यांनी जलमार्ग मागे टाकला. रेल्वेची मागणी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होती. १९९०मध्ये, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री असलेल्या सरकारच्या काळात, कोकण रेल्वे महामंडळाच्या उभारणीला गती आली आणि ई. श्रीधरन यांच्याकडे काम सोपवले गेले. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्राचा २२ टक्के. उत्तरेकडून सर्वांत आधी सुरू झालेला टप्पा होता रोहा ते वीर, ४७ किलोमीटरचा, १९९३मध्ये. काही काळ वीर हेच उत्तरेकडून येणाऱ्या या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. २६ जानेवारी १९९८ला सारा मार्ग पूर्ण झाला आणि वीर वाटेवरचे एक लहान स्थानक बनले. ऑगस्ट २०२१मध्ये रोहा-वीर दुपदरीकरण पूर्ण झाले; दुसरा रूळ वीरलाच थांबला. जून २०२२मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण लोकार्पित झाले. पावसाळी वेगमर्यादेची सुरुवातही वीरपासूनच होते. वीर ते कणकवली या डोंगरकापणीच्या टप्प्यात त्या काळात गाड्या ताशी ७५ किलोमीटरवर आणल्या जातात, आणि दाट पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ४०वर.

ही मर्यादा जीव गमावून आलेली आहे. जून २००३मध्ये वैभववाडीजवळ झालेला रेल्वे अपघात आणि १६ जून २००४ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला दरडीच्या दगडांमुळे झालेला अपघात, या दोन घटनांमुळे कोकण रेल्वेला पावसाशी वागण्याची रीत बदलावी लागली. गस्त वाढली, डोंगरउतारांवर जाळ्या आल्या, पावसाळी वेळापत्रक कडक झाले. वर्षानुवर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे चालत आले. २०२५मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर केले गेले. म्हणजे वर्षातले चार-साडेचार महिने इथला ‘वेगवान’ नकाशा वेगळाच असतो. वंदे भारतही त्या दिवसांत आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावत आली आहे. १४ जुलै २०२४ला विन्हेरे आणि दिवाणखवटीच्या दरम्यान रुळांवर माती आली आणि जवळजवळ दिवसभर वाहतूक ठप्प झाली. जो नकाशा मे महिन्याच्या वेळापत्रकावर काढलेला आहे, त्याला जुलैत अर्थ राहत नाही, आणि महाड-पोलादपूरला मदतीची, दवाखान्याची, बाहेर पडण्याची गरज सगळ्यात जास्त लागते ती जुलैतच. २२ जुलै २०२१चा महाडचा पूर, त्याच दिवशी तळियेवर कोसळलेली दरड आणि पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी व केवनाळ्याची दुर्घटना यांनंतर हे कोणाला समजावून सांगायची गरज नसावी. सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला तेव्हा एसटीच्या दोन बस आणि त्यांतली माणसे नदीत गेली. पर्यायी आणि भरवशाचा मार्ग असणे म्हणजे काय, हे इथल्या लोकांना ठाऊक आहे.

रेल्वेकडे महाडकर आणखी एका नात्याने पाहतात. दासगाव-टोळ भागातल्या रेल्वेच्या भरावामुळे सावित्रीचे पाणी अडते आणि शहरात तुंबते. तो भराव काढून तिथे खांबांवरचा पूल बांधावा, ही त्यांची जुनी मागणी आहे. पोहोचीचा हिशेब करणारे अभ्यासक हा मुद्दा आपल्या विषयाबाहेरचा मानतील. मला तो आतला वाटतो. ज्या मार्गाचा भार एखादे गाव सोसते, त्या मार्गावरच्या गाडीवर त्या गावाचा हक्क इतरांपेक्षा कमी कसा?

बाहेरच्या जगात लहान ठिकाणांना वेगवान मार्गावर जागा मिळाली, तीही नेहमी नीट नव्हती. फ्रान्समध्ये १९९०च्या दशकात आमियें आणि सँ-कँतें या दोन शहरांच्या मधोमध शेतात ओत-पिकार्दी नावाचे स्थानक बांधले. दोन्ही शहरांना जोडणारी रेल्वे तिथे नव्हती, आणि बीटच्या शेतातले स्थानक म्हणून ते बदनाम झाले. जपानमध्ये १ ऑक्टोबर १९६४ला तोकाइदो शिंकान्सेन सुरू झाली तेव्हा गिफू-हाशिमा हे स्थानक गिफू शहरापासून दूर होते. त्याला स्थानिक रेल्वेची जोड १९८२मध्ये मिळाली. मात्र जपान्यांनी एक शहाणपणा पहिल्या दिवसापासून केला. हिकारी मोजक्या ठिकाणी थांबायची आणि कोदामा प्रत्येक स्थानकावर. एकाच रुळावर दोन प्रकारची सेवा, आणि दोन्ही आधुनिक. आपण कोकणात हिकारी आणली, कोदामाचा विचारच केला नाही. लहान स्थानकांच्या वाट्याला जुन्या, रखडणाऱ्या, वाटेत दर वेळी बाजूला काढल्या जाणाऱ्या गाड्या राहिल्या.

स्वित्झर्लंडचे उदाहरण तर आपल्या डोंगरी तालुक्यांना जास्तच जवळचे आहे. १९८७मध्ये तिथल्या जनतेने मतदानाने ‘रेल्वे २०००’ योजना मंजूर केली आणि डिसेंबर २००४मध्ये तिचा पहिला मोठा टप्पा अमलात आला. गाडी शक्य तितकी जलद नेण्याऐवजी, वेळापत्रक जुळण्यासाठी हवी तितकीच जलद न्यायची, हे तिचे सूत्र. गाड्या ठरलेल्या मिनिटाला मोठ्या स्थानकांवर एकत्र येतात आणि बाहेर डोंगरातल्या गावांकडे जाणारी पिवळी टपाल-बस उभी असते. तिथे पोहोच मोजताना गाडीचा वेग आणि बसची वाट पाहण्याची मिनिटे एकाच बेरजेत येतात.

आपल्याकडे ती बेरीज करायची तर माहितीच अपुरी पडते. शेवटची जनगणना २०११ची. पुढची २०२७मध्ये होणार आहे. मधल्या काळासाठी अभ्यासक उपग्रहचित्रांवरून इमारती ओळखून जनगणनेचे आकडे लहान-लहान चौकोनांत वाटतात. सपाट मुलखात ही रीत बरी चालते. पोलादपूरसारख्या तालुक्यात ती घसरते, कारण इथली कितीतरी पक्की घरे मुंबईच्या पैशाने बांधलेली आणि वर्षभर कुलूपबंद असतात. ती उघडतात गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. उपग्रहाला छप्पर दिसते, कुलूप दिसत नाही. त्यामुळे नव्या स्लॅबच्या घरांना माणसे मिळतात आणि वरच्या वाडीतल्या कौलारू घरात बाराही महिने राहणारी माणसे हिशेबात कमी होतात. दुसऱ्या बाजूने, याच गावांची अर्धी माणसे मुंबईत आहेत. त्यांचे गावी येणे ही सुद्धा गावाची पोहोचच आहे, पण ती कोणत्याही तालुक्याच्या आकड्यात बसत नाही.

रेल्वेकडच्या आकड्यांतही खोट आहे. थांबा मागितला की त्या स्थानकाची तिकीटविक्री पाहिली जाते. पण जिथे गाडी थांबत नाही तिथे तिकीट कोण काढणार? महाडचा प्रवासी माणगावला जाऊन गाडी पकडतो, पोलादपूरचा खेडला, आणि बरेच जण महामार्गाने एसटीने किंवा खासगी बसने जातात. त्यांची मागणी दुसऱ्यांच्या खात्यात जमा होते, किंवा कुठेच होत नाही. वीरला तुतारी एक्स्प्रेस थांबते, म्हणून वीर पूर्ण उपेक्षित आहे असेही म्हणता येत नाही. पण सव्वादोन लाख लोकांचे ते सगळ्यात मोठे रेल्वेदार आहे, हे तिथल्या थांब्यांवरून ओळखू येत नाही.

थांब्याविरुद्धचा युक्तिवाद मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. वीरच्या पुढे एकेरी मार्ग आहे. जलद गाडी थांबवली की थांबा, वेग उतरवणे आणि पुन्हा चढवणे यांत काही मिनिटे जातात, आणि एकेरी मार्गावर ती मिनिटे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर पडतात. प्रत्येक तालुक्याने वंदे भारतला थांबा मागितला तर ती वंदे भारत राहणार नाही. म्हणूनच मला वाटते, महाड-पोलादपूरची पहिली मागणी वंदे भारतच्या थांब्याची नसावी.

दिवा-रोहा मेमू रोज धावते. रोह्यापासून वीरपर्यंत दुहेरी रूळ आहेत, विजेच्या तारा आहेत. एकेरी मार्गाची अडचण वीरच्या पुढे सुरू होते, अलीकडे नाही. पावसाळी वेगमर्यादेचा आणि दरडींचा मुख्य टप्पाही वीरच्या पुढचा आहे. गणपतीत दिवा-चिपळूण मेमू धावली आहे, तेव्हा मेमू या मार्गावर चालते की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. मेमूच्या काही फेऱ्या वीरपर्यंत वाढवल्या, तर महाड, पोलादपूर आणि लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला धरून साऱ्या दक्षिण रायगडाला पनवेलपर्यंतची रोजची, बारमाही, स्वस्त गाडी मिळेल. पनवेलला पोहोचलेला माणूस लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या, नवी मुंबईचा विमानतळ आणि मोठी रुग्णालये या सगळ्यांच्या आवाक्यात येतो. गाडीचा वेग ताशी १२० आहे की १६०, याने त्याला तितका फरक पडत नाही. मात्र वीर महाडपासून चौदा-पंधरा किलोमीटरवर आहे आणि पोलादपूर महाडच्या पुढे आणखी अठरा. प्रत्येक मेमूला जोडून महाड आगाराची वीर-महाड-पोलादपूर बस नसेल, तर वीरचेही ओत-पिकार्दी होईल.

वंदे भारतच्या वर्गातल्या एखाद्या गाडीला वीरला प्रायोगिक थांबा ही मागणी यानंतरची, आणि ती वीरच्या पुढच्या दुपदरीकरणाशी बांधलेली असावी. कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने मे २०२५मध्ये संमती दिली आहे. दुपदरीकरणाला पैसा कुठून येणार, या प्रश्नाचे उत्तर आता दिल्लीकडून मागता येईल.

यासाठी आधी आकडे हवेत, आणि ते गावांनीच जमवायला हवेत. दोन्ही तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी वाडीवार तीन गोष्टी लिहून काढाव्यात: बारमाही राहणारी माणसे किती, सकाळची पहिली एसटी किती वाजता, आणि गेल्या वर्षी घरातले कोण कोणत्या स्थानकावरून रेल्वेत बसले. ही यादी ग्रामसभेच्या ठरावासह महाड आगाराकडे, जिल्हा परिषदेकडे आणि कोकण रेल्वेकडे एकाच वेळी द्यावी, आणि ठरावातली पहिली ओळ असावी: मेमू वीरपर्यंत आणा.